घरपोच वाचनालय, गंगापूर रोड: बाबांसाठी सू लोकांच्या इतिहासाचं पुस्तक मागवलं त्याबद्दल

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली लिहिलंय. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, वाचनालय गंगापूर रोडला, रोज जाणं शक्यच नाही, पण हे लोक पुस्तकं घरी आणून देतात, महिन्याला 250 रुपये, डिपॉझिट 1000, एका वेळी तीन पुस्तकं. वाचनालय चालवणारे काका साधारण सत्तरीचे आहेत आणि स्वतः सगळं वाचलेले आहेत, हे फोनवर दोन मिनिटं बोललात तरी कळतं.

मी हे बाबांसाठी लावलं. बाबा तलाठी म्हणून रिटायर झाले, अर्धी नोकरी पेठ-सुरगाण्यात गेली, आता गुडघ्याच्या ऑपरेशनपासून घरीच असतात. कादंबरी दिली की बाजूला ठेवतात, खरं काहीतरी दे म्हणतात. काकांना मी एवढंच सांगितलं होतं की बाबांना जमीन, आदिवासी, जुनी कागदपत्रं यात रस आहे, तर त्यांनी पाठवलं अमेरिकेतल्या सू या मूळच्या आदिवासी लोकांच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, सत्तरच्या दशकातली आवृत्ती. मला वाटलं बाबा दोन दिवसांत परत करतील. तीन आठवडे झाले, अजून उशाशीच आहे.

पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर काकांच्या अक्षरात मराठी चिठ्ठी, नावांचे उच्चार आणि कोण कोणाचं. त्यात लिहिलंय की सू हे त्यांनी स्वतःला दिलेलं नावच नाही, ओजिब्वे या शेजारच्या जमातीचा शब्द फ्रेंच व्यापाऱ्यांनी तोडूनमोडून केलेला, ते लोक स्वतःला लकोटा, डकोटा म्हणवतात, म्हणजे मित्र, सोबती. ओग्लाला, हंकपापा या लकोटांच्या शाखा, त्यांच्या पुढाऱ्यांपैकी रेड क्लाउड आणि क्रेझी हॉर्स ओग्लाला, सिटिंग बुल हंकपापा. ही चिठ्ठी नसती तर बाबा पहिल्या प्रकरणातच अडकले असते.

आता मुख्य गोष्ट. बाबांनी हे पुस्तक लढायांसाठी वाचलंच नाही, ते करार वाचत बसले. 1866 ते 68 रेड क्लाउडच्या लोकांनी सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवरच्या लष्करी किल्ल्यांना इतकं जेरीस आणलं की सरकारला ते सोडून जावं लागलं, आणि मग 1868 ला फोर्ट लॅरमीचा करार झाला. आजच्या साउथ डकोटाचा मिसुरी नदीच्या पश्चिमेचा सगळा भाग, ब्लॅक हिल्स धरून, सू लोकांचा. ब्लॅक हिल्सना ते पाहा सापा म्हणतात, त्यांची पवित्र जागा आहे. कलम 12 मध्ये स्पष्ट लिहिलंय की यातली जमीन पुढे द्यायची झाली तर जमातीतल्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील.

मग 1874 ला अमेरिकन सैन्यातल्या कस्टर या अधिकाऱ्याची मोहीम त्या डोंगरात गेली, सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि खाणवाले घुसले. 1876 च्या 25 जूनला लिटल बिगहॉर्न नदीकाठी सू आणि त्यांच्या साथीदारांशी लढताना कस्टर आणि त्याच्या पाच तुकड्या संपल्या, हे बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. त्याच्यानंतरचं कोणी सांगत नाही. बायसनचे, म्हणजे तिथल्या गव्यांचे कळप गोऱ्या शिकाऱ्यांनी मारून संपवत आणलेले, लोक सरकारी रेशनवर जगत होते आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने ठरवलं की डोंगर सोडल्याशिवाय रेशनला पैसे मिळणार नाहीत. तरीसुद्धा सह्या मिळाल्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या आणि 1877 ला कायदा करून डोंगर घेतले. बाबांनी तिथे पुस्तक मांडीवर ठेवलं आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, म्हणाले, "सह्याच नाहीत तर फेरफार मंजूर कोणी केला?" तीस वर्षं सातबारा लिहिलेल्या माणसाचा प्रश्न आहे हा, ते खरंच चिडले होते.

आता कापलेल्या स्टारचं. मिनेसोटातल्या 1862 च्या युद्धाच्या प्रकरणातली बारा पानं गायब, ब्लेडने कापलेली. आधीच्या कुठल्या तरी वाचकाने केलं असणार, पण देताना चाळून बघायला हवं होतं ना. फोन केला तर काका दुसऱ्याच दिवशी स्वतः स्कूटरवर आले, घरातल्या कपाटातलं दुसरं पुस्तक घेऊन, त्यात ते प्रकरण होतं. मला ते वाचून झोप लागली नाही. डकोटांनी जमीन दिली, त्याचे ठरलेले पैसे वेळेवर आले नाहीत, व्यापारी उधारीवर धान्य देईनात, गोदामं भरलेली आणि लेकरं उपाशी, त्यातून भडका उडाला आणि शेकडो गोरे शेतकरी, बायकापोरं मारली गेली, तेही पुस्तकात लपवलेलं नाही. नंतर 303 जणांना फाशीची शिक्षा झाली, काही खटले तर पाच-दहा मिनिटांत उरकलेले. लिंकनने कागद तपासून बहुतेकांची फाशी थांबवली तरी 26 डिसेंबर 1862 ला मॅन्केटो गावात 38 जणांना एकाच वेळी फाशी दिली. बाबा म्हणाले 1857 ला पेठच्या राजा भगवंतरावांनाही इंग्रजांनी फासावरच दिलं होतं, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुस्तकाची एक चूक काकांनीच दुरुस्त केलीय. साउथ डकोटातल्या वुंडेड नी या जागेच्या प्रकरणाच्या मथळ्यात 'लढाई' छापलंय, तिथे पेन्सिलने लिहिलंय 'लढाई नाही, हत्याकांड'. 29 डिसेंबर 1890, लकोटांचा एक पुढारी बिग फूट न्यूमोनियाने आजारी, त्याच्या लोकांची शस्त्रं काढून घेणं चाललेलं, एक गोळी सुटली आणि टेकडीवरून सैन्याच्या तोफा सुरू झाल्या. मेलेल्यांचे आकडे दीडशे ते तीनशे असे वेगवेगळे देतात, अर्ध्याच्या आसपास बायका आणि मुलं. सैनिकांना शौर्यपदकं दिली गेली.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते काकांनी सोबत दिलेलं रंगीत झेरॉक्स. लकोटा लोक कातड्यावर वर्षाला एक चित्र काढायचे, हिवाळा ते हिवाळा एक वर्ष, मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर. एका वर्षी अंगभर ठिपके असलेला माणूस, म्हणजे देवी आल्या. 1833 ला आकाशभर चांदण्या, त्या साली उल्कांचा पाऊस पडला होता आणि वेगवेगळ्या गटांच्या चित्रांत तो सापडतो, म्हणून बाकीची वर्षं जुळवता येतात. आई बघून लगेच म्हणाली, आम्ही तरी काय करतो, गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला ते साल, बहात्तरच्या दुष्काळाचं साल. तिने तो झेरॉक्स फ्रीजवर लावलाय, काकांना सांगितलंय की तो परत मिळणार नाही.

पुस्तक जुनं असल्यामुळे पुढचं काकांनी मागे दोन फुलस्केप पानांवर लिहून चिकटवलंय. 1980 ला सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की डोंगर योग्य मोबदला न देता घेतले, व्याजासकट साडेदहा कोटी डॉलर द्या. सू लोकांनी घेतले नाहीत. आज ती रक्कम शंभर कोटी डॉलरच्या वर गेलीय आणि त्यांच्यातली गरिबी अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट गरिबीपैकी आहे तरी अजून घेतलेले नाहीत, डोंगर परत द्या म्हणतात. हे वाचून बाबांना 2018 चा लाँग मार्च आठवला. वनपट्टे नावावर करा म्हणून पेठ-सुरगाण्याची माणसं मुंबईला चालत निघाली तेव्हा बाबा मुंबई नाक्यावर पाणी द्यायला उभे होते, त्यातले काही चेहरे त्यांच्या ओळखीचे होते.

बाकी सर्व्हिस चांगली. मंगळवारी आणि शनिवारी डिलिव्हरी, फोन संध्याकाळी पाचनंतर करा, सकाळी उचलत नाहीत. इंग्रजी पुस्तकांची छपाई बारीक असते, वयस्कर माणसांसाठी भिंग आणून ठेवा. मुदत संपली म्हणून मी फोन केला तर काका म्हणाले राहू द्या त्यांच्याकडे, लेट फी काही नाही. बाबांना आता 1868 च्या कराराची सगळी सतरा कलमं हवीयत, काका प्रिंट काढून शनिवारी आणतो म्हणालेत.