ब्लू पिल बोर्ड घ्यायचा का? फक्त क्लॉकपुरता रिव्ह्यू

ब्लू पिल म्हणजे तो छोटा निळा बोर्ड, वर एसटीएम३२एफ१०३सी८ ही मायक्रोकंट्रोलर चिप, मला अडीचशेच्या आसपास पडला. याचे रिव्ह्यू भरपूर आहेत पण क्लॉकबद्दल, म्हणजे चिपला ठोका देणाऱ्या सिग्नलबद्दल, कोणी धड लिहीत नाही, म्हणून मी फक्त तेवढंच लिहितोय. आधी निकाल सांगून टाकतो. क्लॉक शिकायला या किमतीत याच्यासारखा बोर्ड नाही, पण ग्वाल्हेरच्या गच्चीवर टाइम सांभाळायला ठेवणार असाल तर पुढचं नीट वाचा.

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नळ ठरलेल्या वेळी येतो, तेव्हाच मोटर लावायची, म्हणून याच बोर्डचा टायमर केला. त्याचा डबा गच्चीवर पत्र्याखाली.

तर या चिपला चार क्लॉक आहेत. आत ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर (क्रिस्टलशिवाय चालणारा) म्हणजे एचएसआय, बाहेर ८ चा क्रिस्टल म्हणजे एचएसई, आत साधारण ४० किलोहर्ट्झचा एलएसआय, आणि बाहेर ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळाचा क्रिस्टल म्हणजे एलएसई. दोन्ही क्रिस्टल बोर्डवर लावूनच येतात, वेगळं काही सोल्डर करायला नको, हे मला सगळ्यात आवडलं. एचएसईवरून पीएलएलने (चिपमधला क्लॉक वाढवणारा भाग) नऊपट केलं की ७२ मेगाहर्ट्झ मिळतात, एचएसआयवरून मात्र पीएलएलमध्ये जायच्या आधीच निम्मे होतात त्यामुळे ६४ च्या वर जाताच येत नाही. आणि यूएसबी पाहिजे असेल तर क्रिस्टलच लागतो, कारण यूएसबीला पाव टक्क्याच्या आतली अचूकता लागते आणि एचएसआय फॅक्टरीतून २५ डिग्रीला एक टक्क्याच्या हिशोबाने येतो. यूएसबी ओळखलंच जात नसेल तर लगेच क्रिस्टलला दोष देऊ नका, बऱ्याच बोर्डांवर यूएसबीच्या डी प्लस लाइनला १.५ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी १० किलो लावलेला असतो, आधी तो बघा.

साध्या सिरियल कामाला, ९६०० वगैरेला, एचएसआय चालतो. एलएसआयची रेंजच ३० ते ६० किलोहर्ट्झ, तो वॉचडॉगसाठी (अडकलेली चिप रीसेट करणारा टायमर) ठीक, वेळेसाठी अजिबात नाही.

आता एक गोष्ट करून बघाच. सीएसएस म्हणजे क्लॉक सिक्युरिटी सिस्टीम (क्रिस्टल बंद पडला तर चिपला सांभाळणारी सोय) चालू करा, एलईडी ब्लिंकचा साधा प्रोग्राम टाका आणि चिमट्याने ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची एक बाजू ग्राउंडला टेकवा. एलईडी बंद पडत नाही, एकदम संथ होतो, कारण चिप स्वतःहून ७२ सोडून आतल्या ८ वर आलेली असते. सिरियलवर त्याच क्षणी कचरा यायला लागतो कारण बॉड रेट (सिरियलचा वेग) पण नऊपट खाली गेला. भाचा इथेच एमआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, त्याला हे दाखवलं तर म्हणाला मामा परत करा परत करा. फक्त एनएमआयच्या (न टाळता येणाऱ्या इंटरप्टच्या) हँडलरमध्ये सीएसएसचा फ्लॅग क्लिअर करावा लागतो, नाहीतर प्रोग्राम तिथेच फिरत बसतो. आणि स्टॉप मोडमधून (चिपच्या झोपेतून) उठली की पण चिप एचएसआयवरच येते, ७२ परत सेट करायला लागतात.

खरा मुद्दा एलएसईचा. ३२.७६८ चा क्रिस्टल ट्यूनिंग फोर्क जातीचा असतो, २५ डिग्रीच्या आसपास त्याचा वेग सगळ्यात जास्त आणि तिथून गरम करा नाहीतर गार करा, तो मागेच पडतो. २५ पासूनच्या अंतराच्या वर्गाला ०.०३४ ने गुणलं की पीपीएम (दहा लाखांत किती मागे) येतात. आता आपलं गाव बघा, जानेवारीच्या रात्री ५ डिग्री, मे महिन्यात ४५, दोन्ही २५ पासून २० अंश लांब, म्हणजे दोन्हीकडे साडेतेरा पीपीएमच्या वर, दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळ मागे. म्हणजे उन्हाळ्यात मागे आणि थंडीत भरून निघेल असं होत नाही, दोन्ही ऋतूंत मागेच. पत्र्याखालच्या डब्यात ५५ झालं तर ३० पीपीएम, तसंच महिनाभर राहिलं तर सव्वा मिनिटाच्या वर गेलं, रात्री उतरतं म्हणून तेवढं होत नाही एवढंच. त्यात या बोर्डवर त्या क्रिस्टलच्या लाइन पीसी१४ आणि पीसी१५ च्या हेडर पिनांपर्यंत नेल्यात, तिथे जम्पर वायर लावली की क्रिस्टलवरचा लोड आणि त्यामुळे वेग बदलतो. ही डिझाइनची चूकच आहे, त्या दोन पिना मोकळ्या ठेवा.

दुरुस्ती होते. पीसी१३ वर आरटीसीचा (चिपमधल्या घड्याळाचा) क्लॉक ६४ ने भागून काढता येतो, बरोबर ५१२ हर्ट्झ यायला पाहिजेत, चांगला काउंटर लावा आणि मोजा (बोर्डवरचा एलईडी पण त्याच पिनेवर आहे, तो मंद पेटलेला दिसतो). पण चिपचं कॅलिब्रेशन रजिस्टर घड्याळ फक्त हळू करतं, जास्तीत जास्त १२१ पीपीएम, जलद करतच नाही, आणि आपल्याला तर जलदच करायचं असतं. मग प्रीस्केलर (क्लॉकला भागून एक सेकंद काढणारा आकडा) ३२७६७ ऐवजी ३२७६६ टाकायचा, घड्याळ ३०.५ पीपीएम पुढे पळतं, आणि जेवढं जास्त झालं तेवढं कॅलिब्रेशनने मागे ओढायचं. मी हे केलं आणि घरात ठेवलेला बोर्ड मस्त चालतोय.

पण गच्चीच्या डब्यात मी शेवटी डीएस३२३१ (वेगळी घड्याळाची चिप) लावला. त्याचा क्रिस्टल आतच आणि तापमान बघून तो स्वतःच दुरुस्ती करतो, ० ते ४० मध्ये २ पीपीएम, त्याच्या बाहेर ८५ पर्यंत साडेतीन. एक सांगतो, बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डीएस३२३१ मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, तिथे साधा सीआर२०३२ लावायचा असेल तर चार्जिंगचा डायोड किंवा रेझिस्टर आधी काढा, तो सेल चार्ज करायचा नसतो.

बोर्ड घेताना चिपवरचं नाव वाचून घ्या, क्लोन फार आलेत. घरी आणल्यावर पहिला प्रोग्राम एलएसई चालू होतो का बघायचाच टाका, आणि नाही झाला तर बोर्ड दुकानात परत द्या, एलएसआयवर काम भागवू नका.