पॅरिसच्या विमानतळावर गेलेले 170 युरो

जून 2024 मध्ये आम्ही तिघं पॅरिसला गेलो. मी, बायको आणि 72 वर्षांची आई. शार्ल द गोल विमानतळावर उतरलो तेव्हा रात्रभराच्या प्रवासाने आईचे पाय सुजले होते आणि ट्रॉलीवर चार बॅगा होत्या. सामान घेऊन बाहेर येतो न येतो तोच एक जण पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "नमस्ते! इंडिया? टॅक्सी?" आज रेल्वेचा संप आहे, असंही त्यानेच सांगितलं. फ्रान्समधल्या संपांबद्दल इतकं ऐकलेलं, की मला ते लगेच पटलं. संपबिंप काही नव्हता.

मी हो म्हणायच्या आत त्याने ट्रॉलीला हात घातला होता. आईला म्हणाला, "मामा, स्लोली, स्लोली." आई खूश. टॅक्सीची रांग दारासमोर असते, पण हा आम्हाला लिफ्टने पार्किंगमध्ये घेऊन गेला. गाडी काळी, चकचकीत, टपावर दिवा नाही. ते मला दिसलं होतं, खोटं कशाला बोलू? पण एवढ्या आपुलकीने सामान ओढत आणलेल्या माणसाला आता नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी भेटली.

हॉटेल गार द्यू नोर स्टेशनजवळ होतं, विमानतळापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. उतरताना त्याने मोबाइलवरचा कुठलासा मीटर दाखवला. वर सामानाचे वेगळे, टोलचे वेगळे, एकूण 170 युरो. कार्डाचं मशीन बिघडलेलं, आणि बॅगा डिकीत. डिकी पैसे मोजल्यावरच उघडली. म्हणजे सुमारे पंधरा हजार रुपये, तेही रोख.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने नुसता सुस्कारा सोडला आणि कागदावर दोन आकडे लिहून दिले: 56 आणि 65. शार्ल द गोल ते पॅरिस या प्रवासाला 2016 पासून अधिकृत टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे. सेन नदीच्या उजव्या तीरावर जायचं तर तेव्हा 56 युरो होते, डाव्या तीरावर 65. दिवस असो वा रात्र, ट्रॅफिक असो वा नसो, सामान त्यातच आलं. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ताजा आकडा पाहून घ्या. खऱ्या टॅक्सीच्या टपावर दिवा असतो, रिकामी असेल तर हिरवा, भरलेली असेल तर लाल. कार्ड घेणं चालकाला बंधनकारक आहे. आणि तो गिऱ्हाईक शोधत विमानतळाच्या आत फिरत नाही. मला आधी एवढं ठाऊक असतं तरी पुरे होतं.

दोन दिवसांनी माँमार्त्रच्या टेकडीवर, साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली, दोऱ्यांची रिळं घेतलेली काही पोरं उभी होती. एकाने हात पुढे केला आणि आईने आपलं मनगट पुढे केलं. तिला वाटलं देवळाबाहेर बांधतात तसा गंडा असेल! त्याने बोलता बोलता दोरा वळून घट्ट गाठ मारली आणि वीस युरो मागितले. आणखी दोघे जवळ सरकले. दहावर सुटलो. तिथून जाताना हात खिशात ठेवा आणि चालत राहा.

हॉटेलात खातानाची भीड त्या मानाने स्वस्त पडली. पाणी मागितलं की सात युरोची बाटली येते; "काराफ दो" म्हटलं की नळाचं पाणी भांडंभर फुकट येतं आणि ते छान असतं. ब्रेडचेही पैसे नसतात. एका ठिकाणी वेटरने बिलावर पेनाने गोल करून टिप मागितली. फ्रान्समध्ये सर्व्हिसचे पैसे पदार्थाच्या किमतीतच धरलेले असतात, त्यामुळे वर काही देणं ही तुमची मर्जी. हे मात्र तोवर कळलं होतं, म्हणून मी हसून "मेर्सी" म्हटलं आणि उठलो.

परतताना काउंटरवरच्या त्याच मुलाला टॅक्सी बोलवायला सांगितली. 56 भाड्याचे, 4 बुकिंगचे. चालकाने न मागता पावती दिली. आईने ती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "मग त्या दिवशीचे 170 कशाचे रे?"