एमएक्स-५ साठी मापून बनवलेला एक्झॉस्ट: कॉव्हेंट्रीजवळच्या एका वर्कशॉपबद्दल

इथे गाडी नेली की पहिला प्रश्न "आवाज किती मोठा हवा?" असा येत नाही. "ही गाडी रोज कुठे जाते?" असा येतो. तेवढ्यावरच माझा विश्वास बसला.

कॉव्हेंट्री आणि ननीटनच्या मधल्या एका औद्योगिक वसाहतीतला, गाडी उचलायच्या दोन लिफ्टचा गाळा. साठीतले मालक आणि त्यांचा एक मदतनीस, एवढीच माणसं. माझ्या तिसऱ्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ साठी (२ लिटर, १६० पीएस म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर, टर्बो नाही) कॅटच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागचा पूर्ण एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारे पाइप आणि मफलर) मी इथून बनवून घेतला. सविस्तर लिहितेय, कारण पुण्याहून आलेली आपली कितीतरी मंडळी इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या गाडी कंपन्यांत काम करतात, आणि असं काम कोणाकडून करून घ्यावं हे मला सारखं विचारलं जातं.

आधी मी दोन ठिकाणी चौकशी केली होती. दोन्हीकडे एकच सल्ला: अडीच इंची पाइप टाका, कॅट काढून टाका, गाडी 'मोकळी' होईल. इथे मालकांनी कॅट काढायला सरळ नकार दिला. कारखान्यातून कॅट लावून आलेली गाडी कॅटशिवाय एमओटी (इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) पास होत नाही. पेट्रोल गाडीचं इंजिन २,५०० ते ३,००० आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर) ठेवून धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात; तो ०.२ टक्क्यांच्या आत यावा लागतो, आणि कॅटशिवाय ते साधणं अवघडच. पण नियम नसता तरी मी कॅट ठेवलाच असता. माझ्या हौसेचा धूर शेजारच्या लहान मुलांनी का घ्यावा?

पाइपचा व्यास हा दुसरा मुद्दा. इंजिनला 'बॅकप्रेशर लागतं' असं सगळीकडे ऐकू येतं. ते खरं नाही. इंजिनला हवा असतो वायूचा वेग. एका सिलिंडरचा धूर जोरात पुढे गेला की त्याच्यामागे दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढला जातो. सव्वादोन इंचांऐवजी अडीच इंची पाइप घेतला तर आतलं क्षेत्रफळ साधारण २३ टक्के वाढतं. टर्बो असती तर ते उपयोगी पडलं असतं. १६० पीएसच्या साध्या इंजिनात वेग तेवढा मंदावतो, आणि वळणातून बाहेर पडताना ३,०००-४,००० आरपीएमला जो जोर लागतो तो मिळत नाही. मालकांनी हे खडूने जमिनीवर दोन वर्तुळं काढून समजावलं आणि सव्वादोन इंचांवर थांबले.

धातू ३०४ स्टेनलेस: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. कारखान्यातून येणारे बरेच एक्झॉस्ट ४०९ प्रतीचे असतात. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, आणि चुंबक घट्ट चिकटतो. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हा फरक दोन-चार वर्षांत दिसतोच. पण ३०४ तापला की जास्त वाढतो. मीटरभर पाइप ४०० अंशांनी तापला तर जवळपास ७ मिलिमीटर लांब होतो. ही वाढ जायला जागा ठेवली नाही तर ताण वेल्डवर येतो आणि तिथेच तडा जातो. म्हणून त्यांनी पुढे जाळीचा लवचीक तुकडा बसवला, मध्ये सरकता सांधा ठेवला, आणि पाइप टांगणारे रबरी हँगर थंड गाडीत किंचित तिरपे लावले, म्हणजे गरम झाल्यावर ते सरळ होतात. हँगर तिरपे का, हे मी विचारेपर्यंत ते बोललेही नव्हते. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नाही.

वेल्डिंगबद्दल दोन शब्द, कारण ग्राहक बाहेरची चमक बघतो आणि फसतो. स्टेनलेसला टिग वेल्ड (आरगॉन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग) करताना पाइपच्या आतही आरगॉन भरावा लागतो. नाहीतर आतल्या बाजूला हवा लागून काळा, खरखरीत थर तयार होतो. तो प्रवाहाला अडवतो आणि पुढे तिथूनच धातू कमजोर होतो. बरेच जण गॅस वाचवायला ही पायरी गाळतात, बाहेरून काही कळत नाही. इथे त्यांनी पाइपची दोन्ही तोंडं टेपने बंद करून आत आरगॉन सोडला, आणि मागचा भाग बसवण्याआधी टॉर्च हातात देऊन मला आत बघायला सांगितलं. सांधे आतूनही फिक्या सोनेरी रंगाचे होते. वाकणं सगळी मँड्रेलवर (पाइपच्या आत आधाराचा दांडा घालून) वाकवलेली, म्हणजे वळणातही पाइप गोलच राहिलेला, कुठे चेपलेला नाही.

आता माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग. मोटरवेवर सहाव्या गिअरमध्ये ही गाडी ३,००० आरपीएमच्या आसपास चालते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला १०० ठोके. नेमका १०० हर्ट्झचा घूं-घूं आवाज छोट्या केबिनमध्ये घुमतो आणि दोन तासांनी डोकं ठणकायला लागतं. बाजारातल्या तयार एक्झॉस्टबद्दल सगळ्यात मोठी तक्रार हीच. त्यावर त्यांनी मुख्य पाइपला एक बंद टोकाची शाखा जोडली. आवाजाची लाट तिच्यात शिरते, टोकाला आपटून परत येते, आणि लांबी लाटेच्या पाव हिश्श्याएवढी असली तर उलटी होऊन मूळ लाटेला गिळते. लांबी ठरवायला आतल्या वायूचं तापमान लागतं, कारण गरम वायूत आवाज जास्त वेगाने जातो. थंड हवेच्या हिशेबाने ८६ सेंटिमीटर पुरतात, गरम धुरात मीटरहून जास्त लागतात. त्यांनी आधी सरकतं टोक लावून शाखा तात्पुरती बसवली आणि मला शेजारी बसवून एम६ मोटरवेवर गाडी चालवली. परत येऊन टोक थोडं बाहेर ओढलं, पुन्हा चक्कर मारली, आणि घुमणं गेल्यावरच वेल्ड मारला. असलं काम पुठ्ठ्याच्या खोक्यातून येत नाही.

परिणाम? रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर) पाच-सहा हॉर्सपॉवर वाढली, तीही वरच्या आरपीएमला. कोणी एवढ्याच कामात वीस-पंचवीसचं आश्वासन देत असेल तर तिथून निघून या. खरा फरक वजनात आहे. कंपनीचा मागचा आडवा मफलर दोन्ही हातांनी उचलावा लागायचा, नवा एका हाताने सहज उचलला जातो. आवाज खाली भारदस्त, ५,००० च्या वर मोकळा आणि स्वच्छ, कुठेही फुटत नाही. ट्रॅक डेला (हौशी लोकांना रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवू देतात त्या दिवशी) आवाज नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मीटर धरून मोजतात. तिथे ९२ डेसिबल आला आणि मला आत सोडलं.

मला हे महत्त्वाचं वाटतं. आमच्या जवळच्या मॅलरी पार्क ट्रॅकचा गावकऱ्यांशी आवाजावरून जुना वाद आहे आणि २०१३ मध्ये तो कोर्टापर्यंत गेला होता. पुण्यात पोलीस बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रोलरखाली चिरडतात तेव्हा माझी सहानुभूती पोलिसांना असते. चांगल्या गाड्यांच्या हौशी माणसांचं नाव या भोंग्यांनी खराब केलंय. इथेही गाडीचा एक्झॉस्ट मूळ मंजुरीपेक्षा मोठ्या आवाजाचा करणं बेकायदाच आहे, म्हणून बनवणाऱ्याला कान असावे लागतात. आणखी एक: विमा कंपनीला हा बदल कळवायलाच हवा.

खर्च व्हॅट धरून ९६० पौंड. तयार संच याहून स्वस्तात मिळतात. तक्रारी आहेत. नंबर लागायला दीड महिना गेला, ईमेलला उत्तर येत नाही, फोनच करावा लागतो. अंदाजपत्रक लेखी मागून घ्या, आपण होऊन देत नाहीत. पाइपच्या मापांचा कागदही मिळाला नाही. उद्या एखादा भाग बदलायचा तर पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागेल, आणि ते कधी निवृत्त होतील सांगता येत नाही. मी मापं स्वतः घेऊन ठेवलीत. बसायला जागा नाही, हिवाळ्यात जाड जाकीट घालून जा.

हजार मैलांनंतर सगळे सांधे तपासायला ते गाडी परत बोलावतात, त्याचे पैसे घेत नाहीत. माझ्या गाडीचा मागचा एक हँगर थोडा ताणलेला निघाला, तो तिथल्या तिथे बदलून दिला. मॅनिफोल्डचंही (इंजिनाला लागून सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपांचंही) विचारलं. फोर-टू-वन (चार पाइप आधी दोनात, मग एकात मिळणारं) घ्या, मधल्या आरपीएमला जोर मिळेल, पण आधी वर्षभर ही अशी चालवून बघा, म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडेच देणार आहे.