गेज अर्धवट घालून 'ऑइल कमी' दाखवतात, हायवेवर पिकअप चालवणाऱ्यांनी वाचा

गाडीधंद्यातल्या सगळ्या भावांनो, जरा वेळ काढून हे वाचा. माझे नऊशे रुपये गेले त्याचं एवढं नाही, पण त्या नऊशेच्या मागं अख्खं इंजिन जाणार होतं ते थोडक्यात वाचलं, तुमच्यापैकी प्रत्येकाचं तसं वाचेलच असं नाही म्हणून लिहितोय.

मी बेळगावजवळच्या कडोली भागातला. घरची बोलेरो पिकअप आहे, २०१८ सालची, बीएस फोर, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली. इकडून बटाटा, रताळी, कोबी कोल्हापूरला न्यायचं आणि येताना जे मिळेल ते भाडं धरून यायचं, असं आमचं चालतं. बँकेचा हप्ता आत्ता कुठं संपलाय, त्यामुळं गाडीला काय झालं तर घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापुरात माल उतरवला, येताना पेंडीची ३० पोती भरली, म्हणजे दीड टन, आणि रात्री निघालो. बरोबरचा पोरगा शेजारी झोपलेला. बॉर्डर ओलांडून निपाणीच्या पट्ट्यात आलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. डिझेलला थांबलो. पंप कुठला ते लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच ठिकाणी चालत नाही, नंतर ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी आपापला अनुभव सांगितला, कुणाला पुण्याकडं तर कुणाला हुबळीकडं.

डिझेल भरून होतंय तोवर एक पोरगा आला. अंगात ऑइल कंपनीचं जाकीट, खांद्यावर फडका, बोलायला एकदम गोड. "अण्णा, बोनेट उघडा, ऑइल पाणी फ्री चेकिंग आहे." मी नको म्हणालो असतो, पण म्हटलं बघतोय तर बघू दे, आपल्याला खाली उतरायचा कंटाळा आलेला, पुढं घाट आहे, फुकट बघून मिळतंय. बोनेटची कडी ओढली. तिथंच चुकलं.

मी उतरून जाईपर्यंत त्यानं गेज ओढून पुसलं होतं. (डिपस्टिकला, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीला, आमच्याकडं गेजच म्हणतात.) माझ्यासमोर परत घातलं, काढलं आणि मोबाईलच्या उजेडात माझ्या नाकासमोर धरलं. टोकाला नखाएवढं काळं ऑइल, वर सगळी पट्टी कोरडी. "ऑइल कम्मी ऐति री," आधी कन्नडात, मग मराठीत, "काळं पण झालंय बघा, असं घाटात गेलात तर इंजिन सीझ म्हणजे जाम होणार, दोन लिटर तरी टाकायलाच लागतंय."

आता खरं सांगायचं तर ऑइल बदलून मला तीनच आठवडे झाले होते, आणि आदल्या दिवशी पहाटे गाडी काढायच्या आधी मी स्वतः गेज बघितलेलं, वरच्या खुणेच्या जरा खाली होतं. एका दिवसात दोन लिटर ऑइल कुठं जाणार? खाली गळलं असतं तर गाडी उभी राहते तिथं थारोळं दिसलं असतं, जळलं असतं तर मागं निळा धूर दिसला असता. हे सगळं मला येतंय, वीस वर्षं गाडीत काढलीत. पण रात्री दोनला 'सीझ' हा शब्द कानावर पडला की डोकं चालत नाही, डोळ्यासमोर फक्त रिपेरीचं बिल येतं. आणि कोरडी पट्टी समोर दिसतेय म्हटल्यावर आपल्या पहाटेच्या नजरेपेक्षा तीच खरी वाटते. 'टाक' म्हणालो. तो दोन डबे घेऊन आला, दोन्हींची झाकणं आधीच उघडलेली, नरसाळं लावून ओतले, परत गेज दाखवलं, आता बरोबर मधोमध. नऊशे रुपये. बिल मागितलं तर मशिन बंद आहे म्हणाला.

निपाणी सोडली आणि तवंदी घाट लागला. उसाच्या ट्रॉल्या पुढं होत्या म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढत होतो. निम्म्या चढाला मागचा कारवाला लाईट मारायला लागला. आरशात बघतो तर मागं सगळं निळसर पांढरं, जसं शेतात पाला पेटवलाय. गाडीला दम नाही, ॲक्सिलेटर दाबला की उचलायच्या ऐवजी गुदमरतेय. घाट संपल्यावर कडेला घेतली आणि बोनेट उघडलं तर ब्रीदरच्या (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या) पाइपपासून एअर फिल्टरच्या नळीपर्यंत सगळं ऑइलनं ओलं. रात्र तिथंच काढली. थंडी होती, झोप काही आली नाही.

सकाळी संकेश्वरच्या एका मिस्त्रीला फोन लावून बोलावून घेतलं. माणूस कन्नड बोलणारा, मराठी मोडकंतोडकं, पण त्या दिवशी त्यानं माझं घर वाचवलं असं मी म्हणेन. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या भागात असं काही झालं की लगेच भाषेवर नेतात. फसवणारा पोरगा केए बावीसवाल्यालाही (बेळगाव पासिंग) फसवतो आणि एमएच नऊवाल्यालाही (कोल्हापूर पासिंग), फक्त रात्रीची, बाहेरगावची, थकलेली गाडी बघतो. मिस्त्रीनं गाडी सपाट जागेवर घेतली, गेज काढलं, पुसलं, पूर्ण आत दाबलं, काढलं. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. माझ्याकडं बघून म्हणाला, "कुणी वतलं ओ एवढं?"

मग त्यानं जे समजावलं ते नीट वाचा, कारण बऱ्याच जणांना वाटतं ऑइल जास्त झालं तर बरंच की, कमी तर नाही. तसं नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल ठरल्यापेक्षा वर आलं की फिरणारा क्रँक त्याच्यावर आपटायला लागतो आणि ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेस म्हणजे निम्मी हवा. पंप तोच फेस ओढून बेअरिंगला देतो, म्हणजे ऑइल भरपूर असून इंजिन कोरडं. शिवाय आतला दाब वाढतो, सील गळायला लागतात आणि ब्रीदरमधून ऑइल हवेच्या नळीत जातं, तिथून टर्बोत, तिथून सिलिंडरमध्ये. तेच जळून निळा धूर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिझेल इंजिनला तेच ऑइल डिझेलसारखं मिळायला लागलं तर चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढतच जातो आणि शेवटी इंजिन फुटतं. तसं कधी झालंच तर वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून क्लच सोडून बंद पाडायची, आणि ते नाही जमलं तर माणसांनी लांब व्हायचं. माझं तिथवर गेलं नाही एवढंच.

चेंबरचा नट उघडून सगळं ऑइल काढलं. जादाचं तेवढं काढून भागलं असतं, पण त्या उघड्या डब्यांतलं ऑइल कसलं होतं कुणाला ठाऊक, म्हणून सगळंच काढायचं मी ठरवलं. नवीन ऑइल, फिल्टर, नळ्या धुणं, मिस्त्रीचं येणं-जाणं धरून साडेचार हजार गेले, वर एक दिवस गेला आणि पेंडवाल्या शेठचा शब्द ऐकायला लागला तो वेगळा.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गेज तू वढलास की त्यानं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण खात्री करायची होती. आठ दिवसांनी मावसभावाची पिकअप कोल्हापूरला चालली होती, मी बरोबर गेलो. येताना निपाणीत गाडी सपाट जागी लावली, चहा घेतला, पंधरा मिनिटांनी दोघांनी गेज बघितलं, वरच्या खुणेला बरोबर टेकलेलं. मग त्याच पंपावर. तोच पोरगा, तेच जाकीट, मला ओळखलं नाही. ह्या वेळेला मी आधीच उतरून बोनेटजवळ उभा राहिलो आणि गेजकडं न बघता त्याच्या हाताकडं बघत राहिलो. गेजची कडी त्यानं मुठीत झाकून धरलेली आणि अंगठा पट्टीवर, कडीच्या दोन बोटं खाली. पट्टी आत गेली, अंगठा नळीच्या तोंडाला टेकला आणि हात थांबला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं पूर्ण गेली. तो काढायला लागला तसं मी त्याचं मनगट धरलं, म्हटलं हात असाच ठेव. अंगठा बाजूला केला आणि कडीवर दाब दिला. टक करून दोन बोटं पट्टी आत गेली.

काढून दाखवलं, ऑइल फुल. शेजारी एक ट्रकवाले मामा होते, तेही उतरून आले, माणसं जमली. मॅनेजर आला, आधी 'पोरगा नवीन आहे', मग 'तो आमचा माणूसच नाही', मग माझे नऊशे रुपये काढून हातात दिले. तक्रार वही मागितली तर साहेबांकडं आहे म्हणे. पंपावर तक्रार वही असायलाच लागते, कुलपात ठेवायची वस्तू नाही ती. मी तिथूनच १९१५ वर फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे ती, तक्रार नोंदवून नंबर घेतला. बिल नव्हतं ही माझी कच्ची बाजू, म्हणून तुम्हाला सांगतोय, ऑइलचं बिल मिळत नसेल तर ऑइल घेऊच नका, आणि सील आपल्या डोळ्यासमोर फोडलं पाहिजे.

गेज बघायचं कसं तेही लिहितो, नवीन पोरं गाडीवर आलीत त्यांना कुणी सांगत नाही. गाडी सपाट जागेवर पाहिजे, चढ-उताराला नको. पहाटे स्टार्ट मारायच्या आधी बघितलं तर सगळ्यात चांगलं, नाहीतर बंद करून दहा मिनिटं तरी थांबा, कारण इंजिन चालू असताना ऑइल वर हेडपर्यंत चढलेलं असतं ते खाली चेंबरमध्ये उतरायला वेळ लागतो. पंपावर गाडी बंद केल्या केल्या गेज ओढलं तर तसंही कमीच दिसतं, ह्या लोकांना तेही माहीत असतं. पहिल्यांदा काढलेलं गेज बघून उपयोग नाही, पुसायचं, कडी टेकेपर्यंत दाबायचं, मग काढून दोन्ही बाजूंनी बघायचं. दोन खुणांच्या मध्ये कुठंही असलं तरी चालतं, फुल असायलाच पाहिजे असं नाही. टाकायचंच झालं तर अर्धा लिटर टाका, थांबा, परत बघा. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत लिटरभराचाच फरक असतो, मग दोन लिटर कुणी एकदम ओतायला लागला तर हात धरा.

आणि काळ्या रंगाला भिऊ नका. डिझेल इंजिनचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. भ्यायचं ते दुधाच्या चहासारखा रंग आला तर, म्हणजे पाणी मिसळतंय. किंवा काही न टाकता लेव्हल वाढत चालली आणि डिझेलचा वास आला तर. तेव्हा गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा. ऑइलचा ग्रेड (जाडीचा नंबर) गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, माझ्या गाडीत १५ डब्ल्यू ४० चालतं म्हणून तुमच्यात चालेल असं नाही, बीएस सिक्सवाल्यांनी (नव्या नियमातल्या गाड्या) तर जास्तच जपा, सायलेन्सरमध्ये फिल्टर असेल तर चुकीच्या ऑइलनं तो चोंदतो.

आप्पांनी आता एक काम केलंय. गेज पूर्ण आत असताना कडीच्या लगेच खाली, नळीच्या तोंडाशी जिथं पट्टी दिसायची बंद होते, तिथं सुनेच्या नेलपॉलिशनं लाल रेघ मारलीय. रेघ बाहेर दिसली की गेज अर्धवट आहे, अंधारात मोबाईलच्या उजेडातही कळतं. मावसभावाच्या गाडीलाही मारून दिली, आणि परवा गल्लीतले दोघं पिकअपवाले आपापली गाडी घेऊन दारात आले होते.