कन्व्हर्जनची क्वेश्चन बँक: देवगडात पावसाळाभर वापरल्यानंतर

परदेशी पायलट लायसन्स भारतीय करून घेण्याच्या, म्हणजे कन्व्हर्जनच्या, दोन पेपरांपैकी एअर रेग्युलेशन (हवाई नियम) सुटला, कंपोझिटही (नॅव्ह म्हणजे दिशादर्शन आणि मेट म्हणजे हवामान) सुटला. त्यामुळे हा अनुभव नापास झाल्याच्या रागातून लिहिलेला नाही, हे आधीच सांगते. राग आहे, पण तो बहात्तर तासांच्या कुलपाचा आहे आणि त्यावर सविस्तर लिहिणार आहे.

अमेरिकेच्या हवाई नियामकाचं, एफएएचं, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) घेऊन परत आलेल्यांना बाकीचं माहीत असतंच: ईजीसीए (आपल्या हवाई नियामकाचं, डीजीसीएचं पोर्टल), परीक्षेचा कॉम्प्युटर नंबर, लायसन्सचं व्हेरिफिकेशन, मेडिकल, दोन पेपर, पासिंगला ७० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. ते पुन्हा लिहीत नाही. दिल्लीत द्वारकेला खोली घेऊन क्लास लावायचा, हा नेहमीचा सल्ला मलाही मिळाला. फ्लाइंगचं कर्ज अजून फिटायचंय आणि आंब्याचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. त्यात द्वारकेचं भाडं बसत नव्हतं. म्हणून घरी राहून, पुस्तकं आणि ही वर्षाच्या वर्गणीची क्वेश्चन बँक (सराव प्रश्नांचं अ‍ॅप) घेऊन अभ्यास करायचं ठरवलं. वर्गणी एकरकमी, परत मिळत नाही.

आता कुलूप. अ‍ॅपमध्ये प्रश्न डाउनलोड करता येतात, ‘ऑफलाइन मोड’ असं ठळक लिहिलेलं आहे. मी ते वाचूनच पैसे भरले. भरल्यावर कळतं की डाउनलोड केलेले प्रश्न बहात्तर तासांनी बंद होतात आणि सर्व्हरशी पुन्हा एकदा जोडणी झाल्याशिवाय उघडत नाहीत. मुंबई-पुण्यात बसलेल्या माणसाला याचा पत्ताही लागणार नाही. आमच्याकडे जुलैत वारा धरला की आधी लाईट जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते, मग रेंज जाते. तीन दिवस हे तर नेहमीचंच. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, जिल्ह्यात कितीतरी गावांनी याहून खूप जास्त दिवस अंधारात काढले होते. शेजारच्या काकांकडे इन्व्हर्टर आहे, त्यांच्याकडून फोन भरून आणायचा, प्रश्न फोनमध्येच आहेत, पैसे भरलेले आहेत, आणि स्क्रीनवर मात्र ‘कृपया इंटरनेटशी जोडा’. ऐन परीक्षेच्या तोंडावर हे झालं. पावसात रेनकोट घालून सड्यावर (वरच्या उघड्या कातळ पठारावर) जायचं, तिथे रेंजचा एखादा दांडा आला तर कुलूप उघडायचं आणि घरी यायचं. आई दारातच विचारायची, ‘उघडला काय गो तुजा ता?’

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ‘स्थिर इंटरनेट जोडणी वापरावी.’ पुन्हा लिहिलं की स्थिर इंटरनेट असतं तर ऑफलाइन मोड कशाला लागला असता? तेच उत्तर, शब्दही तेच. चोरी थांबवण्यासाठी कुलूप लागतं हे मला मान्य आहे. पण वर्गणी वर्षाची घेता, तर कुलूपही वर्षाचं ठेवा. ज्याने पैसे भरले त्याच्याच अभ्यासाला दर तीन दिवसांनी परवानगी कसली?

बँकेतल्या मजकुराबद्दल. रेग्युलेशनचा भाग खरोखर चांगला आहे, विशेषतः अमेरिकेत शिकलेल्यांसाठी. तिथे रात्रीचं व्हीएफआर (बाहेर बघून, नजरेच्या भरवशावर उडणं) सर्रास चालतं. इथे सूर्यास्तानंतर २० मिनिटं ते सूर्योदयापूर्वी २० मिनिटं या काळात ते नाही, अपवाद फक्त कंट्रोल झोनमध्ये एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) सूट दिली तर. एफएल १५० च्या (साधारण १५,००० फुटांच्या) वर व्हीएफआर नाही. नियंत्रित हवाई क्षेत्रात किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांपलीकडे नाही. अमेरिकेत ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिथपर्यंत उंची स्थानिक दाबावर मोजायची ती मर्यादा) देशभर १८,००० फूट. इथे प्रत्येक विमानतळाची वेगळी, चार्टवर बघायची. हवेच्या दाबाला इंच ऑफ मर्क्युरीची सवय मोडून हेक्टोपास्कलची लावायची, दृश्यमानता मैलांऐवजी मीटरमध्ये. हे सगळे फरक बँकेने वेगळ्या गटात ठेवलेत आणि प्रत्येक उत्तराखाली कारण दिलंय. एफएएच्या लेखी परीक्षेत तीन पर्याय असतात, इथे चार. तो चौथा पर्याय बहुतेक वेळा अमेरिकन नियमच असतो, हे बँकेच्या सरावातच लक्षात येतं.

मात्र कायद्याचा भाग जुना आहे. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट गेला. बँकेत अजून १९३४ च आहे. याच नव्या कायद्याने आरटीआर (विमानातल्या रेडिओवर बोलण्याचा परवाना) दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आणलं. बँकेचा आरटीआर विभाग अजून जुन्याच व्यवस्थेवर चाललाय. चुका कळवायचं बटण आहे, मी दाबलंय, पोचही आली. दुरुस्ती नाही.

नॅव्हला पूर्ण गुण. गोल स्लाइड रूलच्या मागच्या बाजूचं विंड ट्रँगल (वाऱ्यामुळे दिशा आणि वेग किती बदलतात ते) पायरीपायरीने दाखवलंय. कन्व्हर्जन्सी (दोन रेखांशरेषा एकमेकींकडे किती कलतात तो कोन) मला अमेरिकेत कधी नीट समजली नव्हती, कारण एफएएच्या सीपीएलला ती जवळजवळ लागतच नाही. इथे सूत्र दिलंय, आणि सूत्राआधी आकृती. त्या जोरावर मी स्वतःची गणितं मांडायला लागले. देवगडच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण साडेसत्तावन्न सागरी मैल, साठ नव्हेत. मुंबईहून एडनला जायचं तर रेखांशातला फरक जवळपास २८ अंश, मधला अक्षांश १६, म्हणजे कन्व्हर्जन्सी साडेसात अंशांच्या किंचित वर, आणि ग्रेट सर्कल (सगळ्यात जवळची वाट) ऱ्हंब लाइनच्या (एकच दिशा धरून जाणाऱ्या वाटेच्या) उत्तरेकडून जाणार. आपल्या किनाऱ्यावरून मांडलेलं गणित विसरत नाही. सगळ्यांनी आपापल्या गावावरून मांडावं.

मेटवर मात्र मी नाराज आहे. प्रश्न उघडच युरोपच्या बँकांमधून उचललेले आहेत. वॉर्म फ्रंट, ऑक्लुजन, पोलर फ्रंट जेट यांचा नुसता मारा. भारतीय हवामान शेवटी, थोडक्यात. ज्या परीक्षेत नॉर्वेस्टर, वेस्टर्न डिस्टर्बन्स, मान्सूनचा ट्रफ (कमी दाबाचा पट्टा), ट्रॉपिकल ईस्टर्ली जेट यायलाच हवेत, तिच्या तयारीत हे चालणार नाही. आमच्या घराच्या ओट्यावरून जे दिसतं ते तरी असावं ना! सोमाली जेटचे वारे साधारण दीड किलोमीटर उंचीवरून अरबी समुद्र ओलांडून बाष्प आणतात, किनाऱ्यालगत ऑफशोअर ट्रफ तयार होतो, पुढे सह्याद्री आडवा येतो आणि हवा वर चढते. म्हणून आंबोलीत कोसळतो आणि घाटापलीकडे काही मैलांवर पाऊस अर्ध्याहून कमी. ही एवढी साखळी बँकेत कुठेही एकत्र नाही. मेट पुस्तकातूनच करा. बँक फक्त मेटार-टॅफ (विमानतळाच्या हवामानाचे अहवाल आणि अंदाज) वाचायच्या सरावाला वापरा, त्यासाठी ती छान आहे.

पहिला परिच्छेद सोडून इथवरचं ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं. आता थोडं बदलावं लागतंय. सपोर्टमधून एका ताईंचा फोन आला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, लाईट किती दिवस जाते, रेंज कुठे येते, सगळं विचारलं. त्या स्वतः गुहागरच्या निघाल्या, त्यामुळे ‘सडा’ म्हणजे काय ते समजवावं लागलं नाही. पुढच्याच अपडेटमध्ये बहात्तर तासांचे पंधरा दिवस झाले. माझ्यामुळेच झाले की आणखी कोणी भांडलं होतं, माहीत नाही, पण झाले. त्या पंधरा दिवसांवरच माझा कंपोझिट निघाला. पेपरला जाताना कणकवलीहून मुंबईपर्यंत रात्रभर गाडीत नॅव्हचे प्रश्न सोडवले. बोगद्यांमागून बोगदे, पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी संथ, रेंज नावालाही नाही, आणि एकदाही कुलूप आलं नाही. आधी एक तारा देणार होते, आता तीन देते. वर्षभराचं कुलूप केलं तर चार देईन. पाचवा मेट नव्याने लिहिल्यावर.

घ्यावी का? रेग्युलेशन आणि नॅव्हसाठी घ्या, पण सहा महिन्यांचा पर्याय असेल तर तोच घ्या. दोन पेपरांना वर्ष लागत नाही, आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. दोघांत एक वर्गणी चालत नाही, दुसऱ्या फोनवर उघडली की पहिला बंद होतो. किनाऱ्यावर राहत असाल तर मे संपायच्या आत सगळे संच डाउनलोड करून ठेवा आणि लाईट आहे तेव्हाच अ‍ॅप एकदा उघडून मुदत पुढे ढकला. मी आरटीआरसाठी नूतनीकरण करणार नाही, तो विभाग जुना आहे. त्याचे पैसे मुंबईत मायक्रोफोनवर समोरासमोर सराव करून घेणाऱ्या सरांना देईन. आणि एक बघाच: पैसे भरताना ऑटो-पे आपोआप चालू होतं. मी ते माझ्या पैशांच्या बँकेच्या अ‍ॅपमधून बंद केलंय, तुम्हीही त्याच दिवशी करा.