स्पेनहून केशर आणणार असाल तर आधी हे वाचा

लिहू की नको यात चार महिने गेले. आमच्या ह्यांचं म्हणणं, झालं ते झालं, कशाला चव्हाट्यावर मांडतेस? पण परवा ओळखीतल्या दोघीजणी स्पेनच्या सहलीची यादी घेऊन घरी आल्या. जायच्या आधी काय वाचायचं, तिथून खाण्याचं काय आणायचं, पाठपिशवी कुठली घ्यायची. त्या यादीत ‘केशर, तिकडे स्वस्त’ हे शब्द अधोरेखित केलेले होते. ते वाचलं आणि ठरवलं, लिहायचंच.

आकडे आधी सांगते. केशराचे १० ग्रॅमचे चार डबे, २९ युरोला एक, म्हणजे ११६. पाककृतींचं पुस्तक ३८. ‘उब्रिकेच्या चामड्याची’ पाठपिशवी १४९. ऑलिव्ह तेलाचा अर्ध्या लिटरचा डबा १८. एकूण ३२१ युरो. कार्डावरून गेले ३१,५८६ रुपये ४० पैसे. आजच्या तारखेपर्यंत त्यातला एक रुपया परत आलेला नाही.

मी काही घराबाहेर न पडलेली बाई नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर पुण्यात दोन वर्षं स्पॅनिश शिकले, दुसऱ्या पातळीची परीक्षा दिली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं स्वतःच्या हिमतीवर, टूर कंपनीशिवाय चौदा दिवस फिरलो. पाकीट कसं सांभाळायचं, रोझमेरीची काडी हातात कोंबून पैसे मागणाऱ्या बायकांपासून कसं लांब राहायचं, सगळं वाचून गेले होते. रस्त्यावर कुणी फसवलं नाही. फसवलं ते चांगल्या काचेच्या, दिवे लावलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस बसलेल्या दुकानात.

दुकान दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या एका शहरात, कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण असली दुकानं एका शहरात नाहीत. मसाले, पंखे, पुस्तकं, तेल, पिशव्या, सगळं एका छताखाली. मला खरं तर केशर कोन्सुएग्राला जाऊन घ्यायचं होतं. केशरासाठी नावाजलेल्या ला मांचा भागातलं ते पवनचक्क्यांचं गाव, १९६३ पासून तिथे केशराच्या फुलांचा उत्सव भरतो. पण तो असतो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि आमचं परतीचं तिकीट होतं १९ चं. उत्सव हुकला ही हळहळ मनात होती, म्हणून दुकानदाराने ‘ला मांचा’ म्हटल्याबरोबर मी थांबले.

त्याने काउंटरखालून काचेची बरणी काढली. झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरली. तो वास खराच होता, आजही शपथेवर सांगेन. एक काडी माझ्या तळहातावर ठेवली, बोट ओलं करून चोळली, तळहात पिवळाधमक झाला. एका फुलात तीनच तंतू असतात, किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, बायका पहाटे वेचतात आणि मग तंतू मंद आचेवर भाजतात, हे सगळं त्याने सांगितलं. तेही खरं होतं. मग त्याने मागच्या फळीवरचे चार बंद डबे काढले आणि पिशवीत भरले. ज्या बरणीतलं मी हुंगलं, त्या बरणीतलं मला मिळालंच नाही. हुंगलेलं केशर आणि बांधून दिलेलं केशर एकच आहे का, हे डोळ्यांदेखत बघा. बंद डबा असेल तर पैसे देण्याआधी उघडायला लावा.

आता जे लिहिताना अजूनही घशाशी येतं ते. डबा माझ्या हातात होता. मी लेबल वाचलं. समोर पवनचक्की आणि मोठ्या लाल अक्षरांत ‘असाफ्रान’, म्हणजे केशर, या शब्दाचा खेळ केलेलं काहीतरी नाव. मागे, घटकांच्या ओळीत, अगदी बारीक: ‘अलासोर’. मी तो शब्द वाचला! चष्मा लावून वाचला. आमच्या बाईंनी वर्गात शिकवलं होतं की स्पॅनिशमध्ये ‘अ’ नाहीतर ‘अल’ने सुरू होणारे कितीतरी शब्द अरबीतून आलेत. साखरेचा ‘असुकार’ अरबी, तेलाचा ‘असेइते’ अरबी, आणि ‘असाफ्रान’ म्हणजे आपलं जाफरान, तेही अरबी. मला वाटलं, अलासोर हे केशराचंच जुनं नाव असणार. मला ते ओळखता आलं याचा आनंदसुद्धा झाला. ह्यांना मी तिथेच समजावून सांगितलं. फोन हातात होता, शब्द टाकून अर्थ बघायला दहा सेकंद लागली असती. ती दहा सेकंदं मी दिली नाहीत, कारण मला भाषा येते असं मला वाटत होतं.

अलासोर म्हणजे करडई.

दुसरं लक्षात यायला हवं होतं ते भावावरून. १० ग्रॅमला २९ युरो, म्हणजे ग्रॅमला तीन युरोही नाहीत, आपले दोनशे पासष्ट रुपये. पुण्यात बऱ्या काश्मिरी केशराला ग्रॅममागे तीनशेच्या वर मोजावे लागतात. पण मी विचार केला, रत्नागिरीत हापूस मुंबईपेक्षा स्वस्त मिळतो, तसं पिकतं तिथे स्वस्त असणारच. हा हिशोब तुम्हीही कराल म्हणून सांगते. खऱ्या ला मांचा केशराला तिथेसुद्धा ग्रॅममागे आठ-दहा युरो आणि वर पडतात. २००१ पासून त्या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे, डब्यावर लाल-पिवळा गोल शिक्का असतो आणि क्रमांक घातलेली चिठ्ठी असते. क्रमांक नाही तर घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. आणि तिथली माणसं केशर साध्या किराणा दुकानातून अर्ध्या-एक ग्रॅमच्या पुडीत घेतात. दहा ग्रॅमचा डबा फक्त आपल्यासारख्यांसाठी मांडलेला असतो.

पैसे देताना मशीनवर दोन पर्याय आले, युरो आणि रुपये. त्याने मशीन माझ्याकडे वळवण्याआधीच रुपयांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, तुम्हाला कळायला सोपं. दर लागला ९८ रुपये ४० पैसे. त्या दिवशी बाजारात युरो साडेएक्याण्णवच्या आसपास होता. एवढ्या एका बोटाने जवळजवळ २,२०० रुपये गेले. परदेशात कार्ड वापरताना कायम तिथलं चलन निवडा, आणि मशीन स्वतःच्या हातात घ्या.

मग त्याने एक कागद दिला, वर ‘टॅक्स फ्री’ छापलेला, शिक्का मारलेला. विमानतळावर २१ टक्के परत मिळतील, सरळ ६७ युरो. गणित शिकवलेल्या बाईने इथे तरी थांबायला हवं होतं. २१ टक्के कर स्पेनमध्ये पिशव्या-पंख्यांवर असतो. खाण्याच्या वस्तूंवर तो खूप कमी आणि पुस्तकांवर तर फक्त ४ टक्के. सगळ्या बिलावर २१ टक्के परत कसे मिळतील? शिवाय तिकडे आता हा परतावा संगणकावर चालतो, दुकानाने बारकोड असलेला फॉर्म द्यावा लागतो आणि विमानतळावरच्या यंत्रात तो दाखवावा लागतो. माझ्या कागदावर बारकोडच नव्हता. यंत्राने घेतला नाही, खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दुकानात परत जा. विमान सुटायला पावणेदोन तास होते.

पण पहिला संशय त्याआधीच आला होता, पुस्तकामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका खऱ्या पुस्तकाच्या दुकानात तेच पुस्तक, तीच आवृत्ती, १९ युरो ९५ सेंटला. मी ३८ दिले होते. तिथल्या मुलीने सांगितलं की स्पेनमध्ये नव्या पुस्तकाची किंमत कायद्याने बांधलेली असते, २००७ चा कायदा आहे, कुठेही जा, फार तर ५ टक्के सूट, २३ एप्रिलच्या पुस्तक दिनाला १०. दुप्पट भाव लावणं तर सोडाच. म्हणून पुस्तकं पुस्तकाच्या दुकानातच घ्या. माद्रिदला जाणार असाल तर बोटॅनिकल गार्डनला लागून कुएस्ता दे मोयानोवर जुन्या पुस्तकांचे लाकडी ठेले आहेत, तिथे दिवसभर उभं राहून चाळता येतं, कुणी अंगावर येत नाही.

मी पुस्तक घेऊन परत त्या दुकानात गेले. मला माहीत होतं की अंदालुसियात प्रत्येक दुकानाला तक्रारीचे अधिकृत फॉर्म ठेवावे लागतात, ‘ओहा दे रेक्लामासियोनेस’, आणि मागितल्यावर तिथल्या तिथे द्यावे लागतात. मागितले. तो म्हणाला, व्यवस्थापक नाहीत, सोमवारी या. आम्ही शनिवारी निघणार होतो. पोलिसांकडे गेले, चाळीस मिनिटं थांबले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे पोलिसांचं काम नाही, ग्राहक कार्यालयाचं आहे. ग्राहक कार्यालयात आधी वेळ घ्यावी लागते, पहिली वेळ नऊ दिवसांनी. फॉर्म द्यायलाच दुकानदार नकार देतो तेव्हा माणसाने करायचं काय, हे मी मोडक्या स्पॅनिशमध्ये तीनदा विचारलं. तीनदा तोच खिडकीचा पत्ता मिळाला.

तोपर्यंत मी फक्त पुस्तकाच्या अठरा युरोंवरून भांडत होते. केशर खरंच आहे असं धरून चालले होते.

भाऊबीजेला मंगळवेढ्याला माहेरी गेले. बासुंदीसाठी म्हणून पहिला डबा आईच्या हातात दिला. आई ब्याऐंशी वर्षांची. तिने डबा उघडला, चिमूट घेतली, अंगठा आणि बोटात चुरली, खिडकीपाशी उजेडात धरली. वास घेतला. म्हणाली, “अगं, ही तर करडीची फुलं आहेत. तुझे वडील ज्वारीच्या कडेनं लावायचे की.” मी म्हटलं, आई, स्पेनचं केशर आहे ते. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता डबा बंद करून माझ्या हातात दिला. वहिनी शेजारी उभी होती.

लहानपणी त्या काटेरी कडेतून वाट काढताना माझ्या परकराला त्याच पाकळ्या चिकटायच्या. बारीक, नळीसारख्या, टोकाला फाटलेल्या, नारिंगी. केशराची काडी लाल असते आणि टोकाला कर्ण्यासारखी रुंद होते. थंड दुधात टाकली की सावकाश, दहा-पंधरा मिनिटांनी सोनेरी रंग सोडते आणि काडी लालच राहते. करडईची पाकळी टाकल्याबरोबर रंग सोडते आणि फिकी पडते, वास कसलाच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाटेरी करडईचे वाण काढले, त्यांच्या पाकळ्या काढून विकता येतात, हे आमच्याच वर्तमानपत्रांत वाचलेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या बाईने चाळीस ग्रॅम करडईला ११६ युरो दिले.

तेलाचं त्याच रात्री बघितलं. तोंडी सांगितलं ‘विर्हेन एक्स्त्रा’, म्हणजे सगळ्यात चांगल्या प्रतीचं, डब्यावर लिहिलेलं ‘असेइते दे ओरुहो दे ओलिवा’, म्हणजे चोथ्यातून काढलेलं. मी ‘असेइते’ आणि ‘ओलिवा’ वाचून थांबले होते. पिशवीचा पट्टा तिसऱ्या आठवड्यात सोलायला लागला, खाली पांढरं कापड. रेक्झिन. उब्रिके हे गाव चामड्याच्या कामासाठी खरंच नावाजलेलं आहे, म्हणून तर ते नाव वापरतात. आणि प्रवासाच्या सामानात फसले ते इथूनच: निघण्याआधी ऑनलाइन २,८५० रुपयांचा ‘युरोप व्होल्टेज कन्व्हर्टर’ घेतला होता. तिथे आपल्यासारखेच २३० व्होल्ट आहेत. दोन गोल पिनांचा मोबाइलचा चार्जर तसाच बसतो, जाड तीन पिनांना शे-दीडशेचा साधा अडॅप्टर पुरतो.

मग तक्रारी सुरू केल्या. दुकानाला ईमेल, उत्तर नाही. तिथल्या ग्राहक कार्यालयाला स्पॅनिशमध्ये दोन पानी पत्र, आमच्या बाईंकडून तपासून घेतलेलं, डब्यांचे, पावतीचे, लेबलचे फोटो जोडलेले. सत्तेचाळीस दिवसांनी उत्तर आलं. दुकानाच्या फॉर्मवर तक्रार केलेली नाही, पावतीची मूळ प्रत नाही, आणि घटक लेबलवर नमूद आहे, सबब ग्राहकाला माहिती उपलब्ध होती. तोंडी काय सांगितलं त्याचा पुरावा काय? जो फॉर्म दुकानदाराने दिलाच नाही, त्या फॉर्मवर तक्रार का केली नाही म्हणून माझीच तक्रार फेटाळतात. दुकानदाराला उत्तर द्यायला कायद्याने दहा कामाचे दिवस मिळतात, हे दिवस मोजायला सुरुवातच होऊ नये अशी ही सोय आहे.

माझ्या बँकेत चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. दुसऱ्यांदा, रुपयांचा पर्याय ग्राहकाच्या संमतीनेच लागतो. तिसऱ्यांदा साहेब रजेवर. चौथ्यांदा एक मुलगा म्हणाला, “काकू, एवढ्या रकमेसाठी कशाला त्रास घेता?” एकतीस हजार पाचशे शहाऐंशी रुपये म्हणजे एवढीशी रक्कम, हे त्याने मला सांगायचं? पोलीस ठाण्यात म्हणाले, गुन्हा परदेशात घडला, आमची हद्द नाही. तिथले म्हणतात, आमचं काम नाही. मग हद्द कुणाची? कुठल्याही टेबलावर गेले की पहिला प्रश्न एकच, लेबल वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. हेच तर मी सगळ्यांना सांगतेय, मी वाचलं होतं.

तुमच्या बाबतीत असं झालं तर दुकानातून हलू नका. फॉर्म नाकारला तर तिथूनच स्थानिक पोलिसांना फोन लावा आणि नकाराची नोंद करून घ्या, मी दुकानाबाहेर पडून चालत गेले तिथेच चूक झाली. तोंडी सांगितलेलं सगळं पावतीवर लिहून मागा: ‘ला मांचा’, ‘विर्हेन एक्स्त्रा’, ‘चामडं’. लिहून द्यायला जो कचरतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

तीन डबे मी फोडलेले नाहीत. पुढच्या महिन्यात वन्संचा मुलगा कामासाठी माद्रिदला जातोय, त्याला दोन दिवस मोकळे आहेत. एक डबा, मूळ पावती आणि तो बारकोड नसलेला कागद त्याच्याबरोबर देणार आहे. ग्राहक कार्यालयाची वेळ आजच घेतली, १४ तारीख, सकाळी साडेअकरा.