मेटलएलबी, लेयर २ मोड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचं कुबरनेटीस (कंटेनरमधली ॲप्लिकेशन चालवणारी प्रणाली) क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या नोडचा गट, क्लाउडवर नाही, स्वतःच्या सर्व्हरवर आहे. अशा ठिकाणी सर्व्हिसला (पॉडपर्यंत, म्हणजे ॲप्लिकेशनच्या चालू कंटेनरपर्यंत, नेणारा स्थिर पत्ता) 'लोडबॅलन्सर' हा प्रकार दिला की एक्स्टर्नल आयपीच्या रकान्यात 'पेंडिंग' येतं आणि तसंच राहतं. बाहेरचा पत्ता देणं हे क्लाउडच्या कंट्रोलरचं काम, आणि इथे तो नसतोच. मेटलएलबी ती जागा भरून काढतं; लेयर २ मोडमध्ये एक नोड 'हा पत्ता माझ्याकडे' असं एआरपीने (आयपी पत्ता कोणत्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावर आहे हे विचारायची-सांगायची पद्धत) लॅनला कळवतो. काही महिन्यांच्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: लहान-मध्यम क्लस्टरसाठी हे उत्तम आहे. मात्र त्याचं काम पत्ता देणं आणि तो नेटवर्कला कळवणं, एवढंच. पुढचा रस्ता क्यूब-प्रॉक्सीच्या, म्हणजे नोडवर आलेली विनंती पॉडकडे वळवणाऱ्या घटकाच्या, हातात असतो. हे डोक्यात पक्कं असेल तर ट्रॅफिक अडल्यावर पाणी कुठे मुरतंय ते लवकर सापडतं.

बसवायला वेळ लागत नाही. ०.१३ आवृत्तीपासून सेटिंगचा जुना कॉन्फिगमॅप गेला आणि कस्टम रिसोर्स, म्हणजे मेटलएलबीचे स्वतःचे सेटिंग-प्रकार, आले. पत्त्यांचा पूल बनवायचा, सोबत लेयर २ ची ॲडव्हर्टाइजमेंट (ते पत्ते नेटवर्कला जाहीर करायची सेटिंग) जोडायची. ही दुसरी गोष्ट राहून गेली तर सर्व्हिसला पत्ता मिळतो, 'पेंडिंग' जातं, पण त्या पत्त्याला नेटवर्कवर कुणीच ओ देत नाही. पूल डीएचसीपीच्या (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) रेंजबाहेरचाच घ्यावा.

बाहेरून सर्व्हिस उघडत नसेल तर मी आतून बाहेर येत तपासतो. आधी एंडपॉइंटस्लाइस, म्हणजे सर्व्हिसमागच्या पॉडच्या पत्त्यांची यादी. ती रिकामी असेल तर बहुधा सिलेक्टर (सर्व्हिसने पॉड निवडायची अट) आणि पॉडची लेबलं जुळत नाहीत; पत्ता आहे पण त्याची 'रेडी' स्थिती 'फॉल्स' असेल तर पॉड रेडी नाही. मग थेट पॉडच्या आयपीवर कर्ल (विनंती पाठवून बघायची कमांड). तिथेच अडलं तर ॲप्लिकेशन १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःपुरतं, ऐकत बसलंय का, टार्गेट पोर्ट बरोबर आहे का, हे बघायचं. त्यानंतर क्लस्टर आयपी (सर्व्हिसचा आतला पत्ता), मग ३०००० ते ३२७६७ मधला नोडपोर्ट (नोडच्या पत्त्यावर उघडलेला सर्व्हिसचा पोर्ट). इथवर सगळं ठीक असेल तरच मेटलएलबीकडे वळायचं.

दोन चाचण्या हमखास फसवतात. पहिली पिंग. हा पत्ता नोडच्या नेटवर्क कार्डावर बसवलेला नसतो, त्यामुळे सर्व्हिस धडधाकट असूनही पिंगला उत्तर येईलच असं नाही. दुसरी जास्त घातक: क्लस्टरमधल्याच नोडवरून बाहेरच्या पत्त्यावर कर्ल करणं. क्यूब-प्रॉक्सी ती विनंती आतल्या आत पॉडकडे वळवते, नेटवर्कपर्यंत ती जातच नाही. म्हणून चाचणी क्लस्टरबाहेरच्या, पण त्याच लॅनमधल्या मशीनवरूनच करावी.

सर्व्हिस डिस्क्राइब केली की कोणता नोड पत्ता जाहीर करतोय ते इव्हेंटमध्ये दिसतं. त्या नोडवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं साधन) लावून फक्त एआरपी बघायचं. 'हू-हॅज' हा प्रश्न येतोय आणि उत्तर जात नाही, तर स्पीकर पॉडचे (मेटलएलबीचा पत्ता जाहीर करणारा भाग) लॉग उघडायचे. प्रश्नच येत नसेल तर दोष स्विच, व्हीएलएएन किंवा हायपरवायझरकडे. आणि एकाच पत्त्यासाठी वेगवेगळे मॅक पत्ते उत्तरात येत असतील, तर क्यूब-प्रॉक्सी आयपीव्हीएस (लिनक्स कर्नलमधला लोड बॅलन्सर) मोडमध्ये आहे का बघा. त्या मोडमध्ये प्रत्येक नोडच्या 'क्यूब-आयपीव्हीएस०' इंटरफेसवर सर्व्हिसचे पत्ते चढतात, आणि 'स्ट्रिक्ट एआरपी' चालू नसेल तर सगळेच नोड उत्तर देतात. नोडनोडमध्ये ७९४६ पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, उघडा हवा. स्पीकर एकमेकांची हालहवाल त्यावरूनच घेतात.

सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी सेटिंग म्हणजे एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी. 'क्लस्टर' ठेवली तर विनंती कुठल्याही नोडवरच्या पॉडकडे जाते, पण वाटेत मूळ आयपी बदलतो. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये सगळे ग्राहक नोडच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात. आयपीवर आधारलेली रेट लिमिट मग निरर्थक ठरते. 'लोकल' केली की खरा आयपी मिळतो, पण लेयर २ मध्ये एका पत्त्याचं सगळं ट्रॅफिक एकाच नोडवर उतरतं, आणि 'लोकल'मुळे ते त्या नोडवरच्या पॉडनाच मिळतं. तीन नोडवर तीन पॉड असले तरी दोन नुसते राखीव. आमच्याकडे यावर बसलेली घडी अशी: 'लोकल' फक्त इन्ग्रेस कंट्रोलरच्या (बाहेरच्या वेब विनंत्या योग्य सर्व्हिसकडे पाठवणारा घटक) सर्व्हिसला. तो निवडक नोडवर डेमनसेट म्हणून, म्हणजे त्या प्रत्येक नोडवर एक पॉड असा, चालतो आणि मागच्या सगळ्या पॉडमध्ये स्वतः वाटणी करतो. मूळ आयपी टिकतो, भारही विभागला जातो. एका नोडच्या नेटवर्क कार्डाची मर्यादा मात्र राहतेच.

नोड बंद पडला तर दुसरा नोड पत्ता उचलतो आणि तसं एआरपीने सगळ्यांना कळवतो. बहुतेक ग्राहक काही सेकंदांत सावरतात. ज्या उपकरणांना अशी सूचना पचत नाही, ती जुनी नोंद संपेपर्यंत मेलेल्या नोडकडेच पाठवत राहतात. ज्यांना ही खीळ अजिबात परवडणार नाही किंवा एका नोडची बँडविड्थ पुरणार नाही, आणि ज्यांच्याकडे बीजीपी (राउटरनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) बोलणारा राउटर आहे, त्यांनी सुरुवातच बीजीपी मोडने करावी. बाकीच्यांना लेयर २ बिनधास्त सुचवेन.